कोऱ्या चेंडूचा भाव

एमिल हॅव्रानेकने सही केली की चेंडूची किंमत उतरते. ही माझी थट्टा नाही, बाजाराचं म्हणणं आहे. लीगचा शिक्का असलेला बेसबॉलचा कोरा चेंडू डबीसकट पंचवीस डॉलरला मिळतो. त्याच चेंडूवर एमिलने आपलं नाव घातलं, की तो माझ्या टेबलावर आठ डॉलरची चिठ्ठी लावून पडून राहतो. माणसाने नुसतं पेन टेकवावं आणि सतरा डॉलरची वाफ व्हावी, असं सामर्थ्य क्लीव्हलंडला लागून असलेल्या आमच्या पार्मा गावात दुसऱ्या कोणाकडे असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

तसा एमिल खरोखरीचा खेळाडू होता. पन्नासेक वर्षांपूर्वी क्लीव्हलंडकडून सहा मोसम खेळला. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. समोर एखादा दांडगा डावखुरा फलंदाज आला की याला बाकावरून उठवायचं, चार चेंडू टाकून घ्यायचे आणि परत बसवायचं. त्या चार चेंडूंचं पुढे काय व्हायचं ते जुन्या वर्तमानपत्रांत आहे, मी पुन्हा काढत नाही. खेळ संपल्यावर त्याने तीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग मिसळून दिला.

भाव पडायचं कारण खेळ नव्हे. कारण त्याचा स्वभाव. आमच्याकडे रीत अशी आहे की हौशी लोक खेळाडूला पत्र लिहितात, सोबत फोटो, कार्ड नाहीतर चेंडू घालतात आणि परतीचं तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीटही जोडतात. मोठे खेळाडू ते सगळं केराच्या टोपलीत टाकतात, म्हणून त्यांच्या सहीला मोल आहे. एमिल सकाळी न्याहारी आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा आणि चेंडूवर लिहायचा : 'हॉवर्डला, मनापासून शुभेच्छा, एमिल हॅव्रानेक.' अक्षर न् अक्षर सुटं, वळणदार. शाळेतल्या नन्सनी हातावर पट्ट्या मारून बसवलेलं अक्षर.

याने दुहेरी नुकसान झालं. एक तर देशातल्या प्रत्येक माळ्यावर आणि गॅरेजमध्ये हॅव्रानेकचा एक तरी चेंडू आहे. आणि दुसरं, ज्याच्यावर 'हॉवर्डला' लिहिलंय तो चेंडू हॉवर्ड सोडून सगळ्या जगाला निरुपयोगी. जगात हॉवर्ड थोडे. आणि जे आहेत त्यांनी एमिलला आधीच पत्र लिहिलेलं आहे.

हे मला ठाऊक असायचं कारण, ती पत्रं मीच नेऊन देत होतो. मी वॉल्ट साबो, त्या गल्लीचा जुना पोस्टमन. निवृत्त झाल्यापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी अग्निशामक केंद्राच्या हॉलमध्ये टेबल मांडतो. चेंडू, कार्डं, जुनी तिकिटं. फायदा होत नाही, पण घरी बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फेब्रुवारीतल्या रविवारी एमिल माझ्याबरोबर आला होता. तो कॉफीसाठी यायचा, आणि चर्चच्या बायका खसखशीचं सारण घालून कोलाचे नावाचे गोड पाव करून आणतात त्यासाठी. टेबलापाशी कागदी पेला धरून उभा होता. तेवढ्यात फुगीर जाकीट घातलेला एक तरुण आला, त्याने चेंडू उचलला, फिरवला.

"हॅव्र... हे काय आहे?"

"हॅव्रानेक," मी म्हणालो.

"कोण?"

"पिचर होता."

त्याने चेंडू नाकाजवळ नेला, दूर नेला. "कोरा असता तर घेतला असता," म्हणाला, आणि खाली ठेवला. मग एमिलकडे वळला. "काका, जरा सरकता का? मागची कार्डं बघायचीयत."

एमिल सरकला.

परतताना तो माझ्या शेजारी गाडीत बसला होता. रस्त्याच्या कडेचा बर्फ मळून काळा झाला होता. त्या दिवसांत आमच्याकडे सगळंच तसं दिसतं.

"वॉल्ट, भाव कसा वाढतो?"

"कशाचा?"

"उगाच वेड पांघरू नकोस."

मी सांगितलं. "दोन रस्ते आहेत. एक म्हणजे माल कमी करायचा. सह्या बंद."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात माल कायमचाच बंद होतो."

सिग्नल हिरवा होईपर्यंत त्याने विचार केला. "पहिल्यापासून सुरुवात करू," म्हणाला.

मग पुढच्या चौकात त्याने मला मनातलं सांगितलं, खिडकीतून बाहेर बघत. "एकदा. डोळे मिटायच्या आत एकदा, माझ्या सहीचा चेंडू कोऱ्या चेंडूपेक्षा महाग गेलेला मला बघायचाय. एका डॉलरने का होईना. आणि मी तिथे टेबलाशी बसलेलो असायला हवा. उभा नाही. बसलेला."

टेबल म्हणजे रॉइस टिंगलीचं टेबल. रॉइस दर नोव्हेंबरात विमानतळाजवळच्या हॉटेलात मोठा मेळा भरवतो. तिथे जुने खेळाडू निळं कापड घातलेल्या टेबलाशी बसतात, लोक तिकीट काढून रांग लावतात. रॉइसने एमिलला कधी बोलावलं नव्हतं. जो माणूस पोस्टाच्या तिकिटात सही देतो, त्याच्यासाठी कोण रांग लावणार?

तर दुसऱ्या दिवसापासून एमिलने सह्या बंद केल्या. आणि माणूस जात्याच टोकाचा असल्याने सगळ्याच सह्या बंद केल्या. औषधाच्या दुकानात पावतीवर सही करेना. दुकानदार म्हणाला, "हॅव्रानेक, ही रक्तदाबाची गोळी आहे, लिलाव नाही." शेवटी मी मध्ये पडलो आणि पावत्यांना सूट मिळाली. चर्चच्या सोडतीसाठी दरवर्षी चेंडू मागायला येणाऱ्या दोलेझालबाई आल्या. एमिल नाही म्हणाला. बाई म्हणाल्या, "अरे एमिल, तुझा चेंडू तसा कोणी नेत नाही. पण असला की टेबल कसं भरल्यासारखं दिसतं." हे ऐकून त्याचा निश्चय आणखी पक्का झाला.

पत्रं येतच होती. ती तो न फोडता कपड्यांच्या टोपलीत टाकायचा. बायको, ल्युडमिला, जाऊन सात वर्षं झालेली. एकट्याचे कपडे ते किती, टोपली रिकामीच होती.

आता, आमच्या या धंद्यातल्या लोकांचं इंटरनेटवर एक पान आहे. कोणता खेळाडू पत्राला उत्तर देतो, किती दिवसांत देतो, कोणी देणं थांबवलं, ते लोक तिथे लिहीत असतात. मी ते रोज बघतो. मला दुसरं व्यसन नाही. एप्रिलमध्ये कोणीतरी लिहिलं : हॅव्रानेककडून उत्तर नाही, असं कधी होत नाही. मेमध्ये : आजारी असल्याचं कळतं. जूनमध्ये त्या पानावर एमिलला अर्धांगवायू झाला. जुलैत एकाने खात्रीलायक बातमी दिली की उजवा हात गेला. एमिल डावखुरा. पण त्यामुळे भाव चढायचा थांबला नाही. आठाचे बारा झाले, बाराचे सोळा.

टोलेडोच्या एका व्यापाऱ्याचा मला फोन आला. कधी न येणारा माणूस.

"वॉल्ट, सहज केला हं फोन. हॅव्रानेकची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"अरेरे," तो म्हणाला. मग सावरून म्हणाला, "म्हणजे, वा."

"काल त्याने स्वतः अंगणातलं गवत कापलं."

"या उन्हात? त्या वयात?" त्याच्या आवाजात पुन्हा जीव आला.

एमिलला मी हे सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "भाव किती झाला?"

"एकोणीस."

"कोऱ्याच्या खाली किती?"

"सहा."

"थांबू मग," म्हणाला.

ऑगस्टमध्ये मी एकदा सकाळचा त्याच्याकडे गेलो. तो फाटकापाशी, पत्राच्या पेटीशी उभा होता. रोंडा, आता त्या गल्लीत टपाल वाटणारी, येऊन गेली होती. हातात काय होतं? पिझ्झाची कुपनं, कानाच्या यंत्राची जाहिरात आणि शेजाऱ्याचं विजेचं बिल.

"रोंडा म्हणते माझं टपाल हलकं झालं," तो म्हणाला. "तिच्या खांद्याला बरं पडतंय म्हणे."

"बातमी पसरली ना. उत्तर येत नाही म्हटल्यावर कोण लिहील?"

"हं."

आम्ही आत गेलो. टेबल स्वच्छ पुसलेलं. त्यावर काहीच नाही, मीठदाणीसुद्धा नाही.

"सकाळी काय करतोस हल्ली?" मी विचारलं.

"बसतो."

"मग?"

"मग दुपार होते."

मी म्हणालो, "बस झालं, एमिल, पुन्हा सुरू कर. गेलं खड्ड्यात." हे बोलताना माझ्या घरी त्याच्या चेंडूंच्या दोन पेट्या आहेत आणि त्यांचा भाव बावीसवर गेलाय, हे माझ्या डोक्यात होतंच. पण तरी म्हणालो, याची नोंद व्हावी.

"आता सहा महिने काढलेत," तो म्हणाला. "आता सोडलं तर ते सहा महिनेही फुकट." चेंडू टाकतानाही तो असाच होता म्हणतात. चुकीचा चेंडू टाकायचा ठरवला की टाकायचाच.

ऑक्टोबरात भाव सव्वीस झाला. कोऱ्याच्या वर. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "पण मी बघितला का जाताना?" म्हणजे अट पुरी झाली नव्हती. आणि त्याच आठवड्यात रॉइस टिंगलीचा मला फोन आला. रॉइसजवळ दोन फोन असतात आणि तो दोन्हीवर एकाच वेळी बोलतो, त्यामुळे आपल्याला काय म्हणाला ते निवडून घ्यावं लागतं.

"वॉल्ट, तुझा तो म्हातारा अजून उभा राहू शकतो का?"

"राहतो."

"उभं राहायची गरज नाही. बसेल ना?"

"बसायला तो कधीपासून तयार आहे."

"चाळीस डॉलर सही. गुंतवणूकवाले माझ्या मागे लागलेत. ते म्हणतात हा शेवटचा माल असेल. पण एक अट आहे बरं का. नुसती सही. वर कोणाचं नाव नाही, शुभेच्छा नाहीत, काही नाही. नाव घातलं की माल मेला."

मी जाऊन एमिलला जशीच्या तशी अट सांगितली. तो हो हो म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. तपकिरी कोट घालावा की निळा, हे तो मला विचारत होता.

मेळ्याच्या दिवशी तो तपकिरी कोटात आला, केस कापून, दाढी दोनदा केलेली. हॉटेलचा तो हॉल तुम्ही पाहिला नसेल तर काही बिघडत नाही. त्याला खिडक्या नाहीत आणि गालिच्यावर अशी नक्षी आहे की सांडलेली कॉफी तिच्यात मिसळून जाते. निळं कापड होतं. पुठ्ठ्यावर एमिलचं नाव होतं, अक्षरं सगळी बरोबर. ते बघून तो क्षणभर थांबला, पुठ्ठा बोटाने सरळ केला आणि बसला. बसल्या बसल्या म्हणाला, "खुर्ची जरा वाईट आहे."

पलीकडच्या टेबलावर सध्याचा एक नामांकित खेळाडू होता, त्याची रांग दाराबाहेर गेलेली. त्याने सही केलेलं कार्ड कोणीतरी इकडे आणलं. एक वळसा, त्याच्यापुढे एक शेपूट.

"हे नाव आहे?" एमिलने विचारलं.

"दीडशे डॉलर," मी म्हणालो.

एमिलच्या शेजारी एक माणूस चकचकीत चिकटपट्ट्या घेऊन बसला होता. सही झाली की तो चेंडूला पट्टी चिकटवायचा : ही सही माझ्या डोळ्यांदेखत झाली. त्याचे डोळे बहुतेक वेळ मिटलेले होते, पण पट्टी सरळ लागायची.

एमिलची रांगही वाईट नव्हती. पस्तीस-चाळीस माणसं. पहिला आला, त्याच्या हातात सहा चेंडूंचा खोका.

"नमस्कार," एमिल पेन उघडत म्हणाला. "काय नाव?"

"नाव नको."

"नाही, तुमचं नाव."

"हो, तेच नको."

एमिलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने दोन शिवणींमधल्या अरुंद जागेत, जिथे सहीला सगळ्यात जास्त भाव येतो तिथे, नुसती सही केली. सहा वेळा. दुसरा आला. त्याने सांगितलं, "फक्त निळं पेन, सर, आणि अक्षर थोडं मोठं." तिसऱ्याने हातमोजे घातले होते. चौथा म्हणाला, "जुन्या सह्यांत शेवटचं अक्षर वर जातं, तसंच ठेवा हं. नाहीतर लोकांना वाटतं हात गेलाय."

"कुठून आलात?" एमिल एकाला म्हणाला.

"पार्किंगमधून," तो म्हणाला, आणि चेंडू डबीत घातला.

ज्यांनी चेंडू आणले नव्हते त्यांच्यासाठी रॉइसने एमिलकडून सकाळीच काही चेंडूंवर सही करून घेतली होती. ते समोरच्या टेबलावर साठ डॉलरला मांडले होते, त्यांच्याच शेजारी कोरे, पंचवीसचे. साडेअकराच्या सुमारास उंच, चष्मा लावलेल्या एका बाईने कोरा उचलला, ठेवला, आणि एमिलच्या सहीचा उचलला. पैसे दिले. पिशवीत टाकला आणि गेली. एमिलचं पेन हवेत थांबलं होतं.

"गेला," मी म्हणालो.

"साठला?"

"साठला."

"बरं." त्याने बोटं दोनदा मिटली, उघडली. सांधे वाजले. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, काहीतरी होईल."

"काय होईल?"

"माहीत नाही. काहीतरी."

मग ट्रेंट आला. ट्रेंट हे त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं. व्यापाऱ्यांना तसा बिल्ला मिळतो, त्यामुळे त्यांना कॉफी फुकट. त्याने एमिलपुढे बारा चेंडू ओळीने मांडले, शिवणी एका दिशेला.

"बाराच्या बारा?" एमिलने विचारलं.

"हो सर. तुमच्यावर माझा फार विश्वास आहे."

"खेळताना पाहिलंयस मला?"

"नाही हो. मी फार नंतरचा."

"मग एवढे कोणासाठी?"

"कोणासाठी नाही. पेटीत ठेवणार. हवाबंद. नंतर काढायचे."

"नंतर म्हणजे कधी?"

ट्रेंटने माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्याकडे पाहिलं.

"नंतर म्हणजे... पुढे. वेळ आली की."

"कोणाची वेळ?"

ट्रेंट वाईट मुलगा नव्हता. घरचं वळण चांगलं असणार. तो पुढे वाकून, अगदी आदराने म्हणाला, "घाई काही नाही, सर. तुम्ही निवांत."

एमिलला खोकला आला. साधाच, घसा कोरडा पडला होता. रांगेतले दोघे-तिघे बाजूला वाकून बघायला लागले.

तो पाणी प्यायला. ट्रेंट फोन काढून त्यात भाव बघत उभा राहिला. एमिलने पहिला चेंडू घेतला, अरुंद जागा वर आणली, ट्रेंटच्या छातीवरचा बिल्ला नीट वाचला आणि लिहायला लागला. सहीला लागायचा त्यापेक्षा वेळ जास्त लागत होता. मी मान लांबवून पाहिलं. नन्सनी शिकवलेल्या अक्षरात लिहिलं होतं : 'ट्रेंटला, घाई नको. एमिल हॅव्रानेक.'

पट्टीवाल्याने पट्टी लावली. त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं, त्यामुळे त्याची हरकत नव्हती.

ट्रेंटने मान वर केली तेव्हा चार चेंडू झाले होते.

"हे काय? हे काय केलंत सर?"

"नाव घातलं."

"आता हे कोण घेणार?"

"तू. तुझंच नाव आहे."

"पण मला नकोयत ते!" ट्रेंट ओरडला.

पलीकडच्या रांगेतले लोकही बघायला लागले. बोलून गेल्यावर ट्रेंटलाच कसंतरी झालं. त्याने बिल्ला उलटा फिरवला, पण फार उशीर झाला होता. मागच्या लोकांनीही आपापले बिल्ले फिरवले.

रॉइस दोन्ही फोन खिशात घालून आला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याने ट्रेंटला पैसे परत दिले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि टेबलावर हात टेकून वाकला.

"एमिल, नुसती सही. ठरलं होतं आपलं."

"विसरलो."

"विसरलास की मुद्दाम?"

"या वयात मलाही कळत नाही रे, रॉइस."

"हे बघ, अजून वीस माणसं आहेत. भाव मी पन्नासवर नेतोय. पुढच्या वर्षीही बोलावीन. पण आता एक जरी नाव घातलंस तर टेबल सोडावं लागेल. मला धंदा करायचाय."

एमिलने रांगेकडे पाहिलं. पुठ्ठ्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. पुढचा माणूस बिल्ला मुठीत झाकून उभा होता. एमिलने त्याला विचारलं, "तुमचं नाव काय?"

तो रॉइसकडे बघायला लागला.

"राहू दे," एमिल म्हणाला आणि टेबलाला धरून उठला. "ही खुर्ची फार वाईट आहे, रॉइस. पाठीला काही आधारच नाही."

तत्त्वासाठी उठला असं लिहायला मला आवडलं असतं. पण तो दहा वाजल्यापासून खुर्चीबद्दल बोलत होता, आणि खुर्ची खरंच वाईट होती. मी बसून पाहिली.

गाडीत तो तोंड उघडं टाकून झोपला. घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन झाले असतील. कोट त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकला, कपड्यांची टोपली ओढत स्वयंपाकघरात आणली आणि टेबलाशी बसला. मी म्हणालो, उद्या कर, दमलायस. तो म्हणाला, "दमलोय तर खरा."

त्याने पहिलं पाकीट फोडलं.

"ओमाहाची बाई आहे. नवऱ्यासाठी मागतेय. आजारी आहे म्हणते, लवकर पाठवा." त्याने तारीख पाहिली. "मार्चमधलं आहे."

मी बोटांवर महिने मोजले. आठ.

"आधी चौकशी करतोस का?" मी म्हणालो.

"काय विचारू? आहे का अजून?" तो पेन शोधायला लागला. "नवऱ्याच्या नावानेच लिहितो. नसला तर तिला राहील."

त्याने लिहिलं. मग दुसरं फोडलं. संध्याकाळपर्यंत अकरा झाली. मी पाकिटं चिकटवत होतो. डिंकाची चव तोंडात तशीच राहिली, म्हणून मी रात्री जेवलो नाही.

महिन्याभरात त्या इंटरनेटच्या पानावर कोणीतरी लिहिलं : हॅव्रानेक पुन्हा सुरू. जिवंत आहे. तुमचं नाव घालतो, सांगा किंवा सांगू नका. भाव सव्वीसवरून चौदावर आला, मग दहावर, मग सातवर. म्हणजे वर्षाच्या खटाटोपात आम्ही एक डॉलर गमावला. मधल्या काळात माझ्या दोन पेट्यांतला एकही चेंडू मी विकला नव्हता. आणखी चढेल म्हणून थांबलो होतो. टोलेडोवाल्याने बेचाळीस चेंडू उचलून ठेवले होते. त्याचा फोन आता येत नाही.

परवा एमिलकडे गेलो होतो. रोंडा रबर लावलेला गठ्ठा देऊन, खांदा चोळत निघून जात होती. एमिल टेबलाशी होता. मनगटाला पट्टा बांधलेला, चष्मा कपाळावर, समोर पाकिटांचा ढीग, आणि मीठदाणी कुठेतरी ढिगाखाली.

"किती लोक आहेत रे हे," तो वैतागून म्हणाला. "यांना काही कामधंदा नाही? हा बघ, नकाशात सापडत नाही अशा गावाहून लिहितोय. चार पानं. तीन पानं त्याच्या कुत्र्याबद्दल आहेत."

"मग सोड," मी म्हणालो. "सगळी वाचायची कशाला? बंद कर पुन्हा. भाव चढेल."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, जणू मी शेजाऱ्याचं टपाल त्याच्या पेटीत टाकलंय. मग चष्मा डोळ्यांवर ओढला.

"गप्प बस जरा," म्हणाला. "कुत्रा पळून गेलाय. सापडतो का ते बघू दे."